पिवळा दिवा आणि कपाशीवरचा लाल्या



मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाखेचा एक कार्यकर्ता कापूस भरून जिनिंगकडे निघाला होता. गाडी चार वर्षांची डिझेल पिकअप, कर्जाचे हप्ते अजून चालू. निम्म्या वाटेत स्पीडच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला, इंजिनाचे चित्र असलेला. गाडीचा जोर एकदम गेला. कशीबशी जिनिंग गाठली, कापूस उतरवला आणि दुसऱ्या दिवशी गाडी वर्कशॉपला लावली. संध्याकाळी निरोप आला: धुराची चाळणी गेली, नवीन टाकावी लागेल, खर्च ८६ हजार.

त्याचा मला फोन आला. "भाऊ, कापसाचा चुकारा अजून हातात नाही, त्याच्या आधी फिल्टरचं बिल आलं."

मी विचारले, "कोड काय निघाला?"

"कोड-बिड काही सांगितला नाही. दिवा लागला म्हणजे फिल्टर गेला म्हणते."

हे वाक्य ऐकले आणि मला कृषी केंद्राचे काउंटर आठवले. बोंडे भरायच्या वेळी कपाशीची पाने लाल पडतात. आपण दोन पाने खिशात घालून दुकानात जातो. दुकानदार पानाकडे न बघताच म्हणतो, "लाल्या आला, हे टॉनिक मारा." लाल्या हा रोग नाही, ते लक्षण आहे, हे मी पंधरा वर्षे सभांमधून सांगतो आहे. नत्र कमी पडले तरी पान लाल होते, मॅग्नेशियम कमी पडले तरी होते. तुडतुड्यांनी रस शोषला तरी होते. ऐन बोंडाच्या भरात जमिनीत ओल नसली किंवा रात्री एकदम गार पडल्या तरी होते. पान उलटून तुडतुडे बघायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे दिली नाहीत तर टॉनिकचे पैसे जातात आणि पान लालच राहते.

गाडीतला पिवळा दिवा हा तसाच लाल्या आहे.

मोटारीचे माझे शिक्षण नाही. संघटनेच्या कामात जिल्हाभर फिरताना दोन जुन्या गाड्या झिजवल्या, तेवढीच माझी त्यातली पदवी. पण निदान कसे करायचे हे कृषी महाविद्यालयात शिकलो, आणि निदानाची रीत ज्वारीच्या ताटाला वेगळी आणि इंजिनाला वेगळी अशी नसते. ज्वारीचा पोंगा वाळला तर आपण तो ओढून बघतो. पीक पहिल्या महिन्यातले आहे, पोंगा सहज निघून आला आणि बुडाशी कुजका वास आला, तर खोडमाशी. पीक मोठे आहे आणि पानांवर ओळीने बारीक भोके आहेत, तर खोडकिडा. ओढून बघायच्या आधी कोणी फवारा घ्यायला पळत नाही. निदान पळू नये.

आता हा दिवा आला कुठून ते सांगतो, कारण त्याचा उगम शेतात आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुके बसू लागले. लोकांचे डोळे चुरचुरत. शहराभोवतीच्या मळ्यांत पालकाची आणि इतर पालेभाज्यांची पाने चंदेरी होऊन करपू लागली. नेहमीच्या कारखानी धुराने पडणारे डाग असे नसतात. आरी हागेन-स्मिट नावाचे एक डच रसायनशास्त्रज्ञ तेव्हा तिथल्या कॅलटेक या संस्थेत अननसाच्या स्वादावर काम करीत होते. अननस बाजूला ठेवून ते या धुक्याच्या मागे लागले. मोटारींच्या धुरातली न जळलेली इंधनाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, आणि पाने जाळणारा तोच, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाचे हवा मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. म्हणजे मोटारीच्या धुराची पहिली तक्रार पालकाच्या पानाने केली होती.

याच मंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून सक्ती केली की धूर आवरणाऱ्या भागात बिघाड झाला तर गाडीने स्वतः दिवा लावून सांगावे. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना एकच पद्धत, एकच १६ पिनांचे सॉकेट आणि एकच आकड्यांची भाषा आली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या मोटारींत २०१० पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०२० पासून स्टेज सहा आले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा, अधिक कडक टप्पा. म्हणून तुमच्या जुन्या जीपला हा त्रास नव्हता आणि नव्या पिकअपला आहे.

तर हा दिवा नक्की काय सांगतो? तो एवढेच सांगतो की इंजिनाच्या कॉम्प्युटरला एक माप अपेक्षेबाहेर दिसले, आणि त्याचा नंबर त्याने वहीत लिहून ठेवला. ती वही वाचायची सोय स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळच्या सॉकेटमध्ये असते. हजार-दीड हजाराचा स्कॅनर किंवा मोबाईलला जोडणारी छोटी डबी त्यात लावली की नंबर दिसतो. नंबराची रीत सोपी आहे. पहिले अक्षर 'पी' असेल तर मामला इंजिन-गिअरबॉक्सचा. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा खासगी. त्यानंतरचा आकडा खाते सांगतो: एक-दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी चुकणे, चार म्हणजे धूर आवरणारी सामग्री.

पण नंबर हा निकाल नव्हे. पी ०४२० हे उदाहरण घ्या, पेट्रोल गाडीवाल्यांना सर्वांत महाग पडणारा हा नंबर. त्याचा अर्थ 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम ठरलेल्या पातळीखाली' असा. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा. म्हणून ती महाग, आणि म्हणून ती चोरीलाही जाते. तिच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजनचे दोन सेन्सर असतात. बहुतेक गाड्यांत पुढच्याचे माप साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखे वर-खाली नाचते. जाळी चांगली असेल तर ती ऑक्सिजन साठवते, सोडते, आणि मागच्या सेन्सरचे माप जवळपास स्थिर राहते. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की कॉम्प्युटर म्हणतो, जाळी थकली.

आता बघा, सायलेन्सरच्या जोडाला सेन्सरच्या आधी चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मागचा सेन्सर फसतो. जाळी ठणठणीत, तरी दिवा लागतो. किंवा जाळी खरोखर गेली आहे, पण ती प्लग चुकत असल्यामुळे किंवा इंजिन ऑइल पीत असल्यामुळे गेली आहे. मग नवी टाकली तरी तीही वर्षभरात जाईल. नंबर एकच, घरे तीन. बाहेरून गॅसकिट बसवलेल्या गाडीत तर आधी किटचेच ट्यूनिंग तपासावे, कारण मिश्रण बिघडले की दोष सेन्सरांवर आणि जाळीवर येतो.

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक सल्ला हमखास मिळतो: पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल. तो अमेरिकेतला सल्ला आहे. तिथे टाकीतून वाफ गळते का याची तपासणी गाडीनेच करण्याची सक्ती आहे, म्हणून ढिल्या झाकणाने दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे आहेत, त्यात ती सक्ती नाही. झाकण घट्ट असावेच, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

एक गोष्ट मात्र गल्लत न करता लक्षात ठेवायची. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तापमान आणि ऑइलचे दिवे शांत असतील, तर घाबरायचे कारण नाही, आठवड्यात तपासून घ्या. पण तोच दिवा उघडझाप करू लागला तर सिलिंडरमध्ये इंधन न जळता पुढे जात आहे आणि जाळीत जाऊन पेटत आहे. अशा वेळी ओझे घेऊन पुढे रेटायचे नाही. दहा किलोमीटरच्या हट्टापायी चांगली जाळी वितळते.

आता आपल्या पिकअपकडे येऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध डिझेलशी. स्टेज सहाच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी चाळणी असते. काजळी साचली की गाडी ती चाळणी तापवून, सुमारे ६०० अंशांपर्यंत नेऊन, जाळून टाकते. त्यासाठी तिला सलग पंधरा-वीस मिनिटे बऱ्या वेगाची धाव लागते. आपली धाव कशी? घर ते शेत दोन किलोमीटर, शेत ते गाव दोन किलोमीटर, मध्ये इंजिन बंद. चाळणी भरत जाते, जळायला संधीच मिळत नाही. गाडी तापवायचा प्रयत्न करते, त्यासाठी जादा डिझेल सोडते, आपण मध्येच चावी फिरवतो, आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूष होऊ नका, ऑइल पातळ होत आहे. गाडी विकणाऱ्याने कर्जाचा कागद भरून घेताना हे सांगितले होते का? मला तरी असा एक शेतकरी भेटलेला नाही.

तेव्हा चाळणीचा इशारा आला की पंधरवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर न थांबता वीस मिनिटे गाडी न्यावी. आणि ही जळणी चालू असताना गाडी कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतावर किंवा सांडलेल्या कापसावर उभी करू नका. गाडीखाली भट्टी पेटलेली असते, हे पुन्हा सांगतो.

आमच्या कार्यकर्त्याचे पुढे काय झाले? मी त्याला गाडी परत आणायला सांगितली. तालुक्याला एक तरुण मिस्त्री आहे, स्वतःचा स्कॅनर बाळगतो. त्याने नंबर काढला: पी २४५३. चाळणी काजळीने भरली असती तर पी २४६३ निघायला हवा होता, चाळणी फुटली किंवा निकामी झाली असती तर पी २००२. पी २४५३ म्हणजे चाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे माप पटत नाही. त्या सेन्सरला दोन बारीक रबरी नळ्या येतात. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि हसत बाहेर आला. एक नळी उंदराने कुरतडली होती. पावसाळाभर गाडी सरकीच्या कोठीला लागून उभी होती, उंदराला दुसरे काय हवे? नळी आणि मजुरी मिळून साडेचारशे रुपये. त्यानंतर त्याने अख्खा हंगाम कापूस वाहिला, दिवा लागला नाही.

वर्कशॉपवाला चोर होता असे मी म्हणत नाही. कदाचित त्याने नंबर वाचलाही असेल आणि नळी बघायला खाली वाकला नसेल. भाग बदलला की बिल होते, वाकून बघितल्याचे बिल होत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गाडी त्याची, कर्ज त्याचे, वही त्याच्या गाडीच्या पोटात. ती वही वाचून त्याच्या हातात कागद द्यायला काय अडचण होती?

इथे आपल्यातलेच काही जण म्हणतात, कटकटच नको, चाळणी काढून टाका, सॉफ्टवेअर मारून दिवा कायमचा बंद करा. असे करून देणारे बाजारात आहेत. मी याच्या विरुद्ध आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली असा फेरफार चालत नाही, हा एक भाग. पण सरकारी कलमाचा धाक घालून बोलणे हा आपला स्वभाव नाही, म्हणून दुसरा भाग सांगतो. ती काजळी आधी तुमच्याच पोरांच्या छातीत जाते, जी गाडीच्या मागे लोंबकळत शाळेत जातात. आणि त्या धुरातून होणारा ओझोन पिकाच्या पानालाही सोडत नाही, हे अननसवाल्या शास्त्रज्ञाने दाखवलेच आहे.

युरियाबद्दल तर हात जोडून सांगायचे आहे. ट्रकांत आणि काही मोठ्या डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तिच्यात घालायचे द्रावण म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. हे कळल्यावर एका मालकाने घरच्या गोणीतला युरिया बादलीत विरघळवून टाकीत ओतला. हिशेब शेतकऱ्याचा, चूक नाही त्याची. पण २०१५ पासून शेतीचा युरिया निंबोळी तेलाचे आवरण घेऊन येतो, आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही मिळून इंजेक्टर आणि पुढची जाळी बंद पडते. गोणीतला युरिया कपाशीलाच राहू द्या.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एक करावे. चावी अर्धी फिरवली की हा दिवा क्षणभर लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणी तरी त्याचा डोळा फोडला आहे. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसूनही आणतो. पुसले की दिव्याबरोबर गाडीच्या आतल्या तपासण्यांची नोंदही कोरी होते, आणि स्कॅनर ते दाखवतो. सगळ्या तपासण्या 'अपूर्ण' दिसल्या तर सौदा दोन दिवस पुढे ढकला, तेवढ्यात गाडी चालवून बघा. स्वतःच्या गाडीतही नंबर लिहून घेतल्याशिवाय पुसू नका. बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, याची नोंद नंबरासोबत असते, ती पुसल्यावर मिस्त्रीला अंधारात चाचपडावे लागते. बिघाड खरोखर दुरुस्त झाला असेल तर तीन फेऱ्यांत दिवा आपोआप विझतो.

आता मूळ मुद्दा. वही बंद ठेवण्यात कोणाचे हित आहे? २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप काय? सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. पुढे ते अपिलात गेले, दंडाची रक्कम कमी झाली, ते सोडा. दुखणे खरे होते हे आयोगानेच लिहून ठेवले. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार विषयांत मोटारी आहेत आणि शेतीची अवजारेही आहेत. डिसेंबरमध्ये पोर्टल निघाले. पोर्टलवर कंपनीचा फोन नंबर मिळतो. कायदा अजून नाही.

शेतीची अवजारे त्या यादीत का, ते अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना विचारा. तिथे ट्रॅक्टर हंगामात बंद पडतो, बिघाड सेन्सरचा असतो, आणि डीलरच्या सॉफ्टवेअरशिवाय तो पुढे सरकत नाही. भांडून भांडून कोलोरॅडो राज्यात २०२३ मध्ये शेती अवजारांच्या दुरुस्तीचा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीला याच मुद्द्यावर कोर्टात खेचले. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक धूरमर्यादा लागू झाली आहे. छोट्या ट्रॅक्टरांची पाळी फार लांब नाही. आज पिकअपमध्ये जे होते ते उद्या पेरणीच्या दिवशी, वापसा असताना, ट्रॅक्टरमध्ये होईल. वापसा डीलरच्या इंजिनिअरची वाट बघत नाही.

आणि कॉम्प्युटर म्हणतो ते देववाक्य, असे समजणाऱ्यांनी २०१५ साल आठवावे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या तपासणीच्या टेबलावर असताना सभ्य वागत आणि रस्त्यावर धूर सोडत, कारण सॉफ्टवेअरच तसे लिहिले होते. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते. त्या गाड्यांत दिवा लागला नव्हता.

म्हणून धूरमर्यादा ठेवा, पण तिची वही मालकाला खुली करा, एवढे आपण मागायला हवे. वर्कशॉपने अंदाजपत्रकासोबत कोड लिहून दिलाच पाहिजे. कोडांची यादी मराठीत गाडीच्या पुस्तकात छापली पाहिजे. बाहेरच्या मिस्त्रीला योग्य दरात माहिती आणि यंत्र मिळाले पाहिजे. हा ठराव पुढच्या जिल्हा बैठकीत मांडणार आहे.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक तालुका शाखेने वर्गणीतून एक बरा स्कॅनर घ्यावा आणि आयटीआय केलेल्या दोन पोरांकडे तो सोपवावा, असे माझे म्हणणे आहे. बैठकीच्या दिवशी मंडपाबाहेर आमच्या तालुक्याचा मिस्त्री टेबल टाकून बसेल. ज्यांच्या गाडीत दिवा लागलेला आहे त्यांनी गाडी घेऊन यावे, नंबर कागदावर लिहून मिळेल. वर्कशॉपचे अंदाजपत्रक असेल तर तेही आणा, ताडून बघू. वायरी आणि नळ्या आधी स्वतः बघून या. उंदीर तुमच्याही कोठीत आहेत.